डाव्या पायाचं करायचं काय

दुपारची जेवणं झाली की आमच्या इंदूरच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जायच्या आणि आम्ही मुंबईला निघायचो. खुर्च्यांवरूनच. डोळे मिटून.

हसू नका. ट्रक शिकवायची ही आमच्या उस्तादांची पद्धत होती आणि तिच्यातून निघालेले ड्रायव्हर आज कुठे कुठे गाड्या हाकताहेत. प्रत्येक शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला वाळूने भरलेला तेलाचा डबा, त्यात रोवलेला दांडा. तो गिअर. पायाशी तीन विटा. डावीकडची क्लच, मधली ब्रेक, उजवीकडची अ‍ॅक्सिलरेटर. स्टिअरिंग ज्याचं त्याने घरून आणायचं. मी परात आणली होती. आणि इंजिन? इंजिन तोंडात. आवाज तोंडाने काढायचा आणि तो आवाज जिथे गिअर मागेल तिथेच क्लच दाबून गिअर टाकायचा. आधी नाही, मागून नाही.

उस्ताद आमच्या पाठीमागून चपला ओढत फिरायचे आणि रस्ता सांगायचे. ‘राऊ निकला... महू निकला... अब चढाई है, माल भरा है, गाडी रो रही है, मुझे सुनाई क्यों नहीं देता?’ की आम्ही सगळे रडायला लागायचो. एका दुपारी धारकडून आलेल्या एका शिकाऊ भियाचा (आमच्याकडे भैयाचा भिया होतो) आवाज फार बारीक निघाला. उस्ताद त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘भिया, मोपेड पे आलू किसने लाद दिए?’

माझा आवाज मात्र ऐकण्यासारखा असायचा, हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? तरुणपणी गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांत पडद्यामागचे आवाज माझ्याकडे असत. वीज, घोडे, दूर जाणारी आगगाडी. विंगेत उभं राहून मी पावसाळे पाडले आहेत. त्यामुळे भरलेला ट्रक चढावर कसा कण्हतो, हे मला शिकवावं लागलं नाही. डोळे मिटले की शेडवरचा पत्रा नाहीसा व्हायचा. मानपूर मागे पडायचं, घाट लागायचा, खालून निमाडची गरम हवा अंगावर यायची. कधी कधी उस्ताद ‘बस, आ गए’ म्हणायचे तेव्हा डोळे उघडायला नको वाटायचं. उघडले की समोर ऑफिसची खिडकी आणि खिडकीआड माझीच रिकामी खुर्ची.

कारण मी त्या ट्रान्सपोर्टचा क्लार्क होतो. बिल्ट्या करणारा. माल कुणाचा, कुठे चालला, हे त्या कागदावर लिहायचं, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत फोनवर विचारत बसायचं, ‘भिया, कहाँ पहुँचे?’ सगळी हयात मी दुसऱ्यांच्या पोहोचण्याची चौकशी केली. पन्नाशी जवळ आली आणि वाटलं, आता कुणीतरी मला विचारावं. जड वाहनाचं लायसन्स रीतसर काढलं, आणि एका सकाळी पोहे-जलेबी घेऊन आमच्या मालकांसमोर, सेठजींसमोर उभा राहिलो. म्हणालो, मला ट्रक पाहिजे.

सेठजींनी आधी जलेबी संपवली. मग म्हणाले, ‘उस्ताद से सीख लो. गाडी खाली होगी तो देखेंगे.’

गाडी रिकामी काही होईना. आणि मग ती आली. नवी कोरी, पांढरी, उंच, अजून सीटवर प्लास्टिक. ऑटोमॅटिक. क्लचच नाही. आत दोनच पेडल आणि डॅशबोर्डवर एक गोल खटका. तो फिरवायचा आणि बसायचं. गिअर गाडी आपले आपणच बदलणार.

ट्रान्सपोर्टचे सगळे जुने ड्रायव्हर तिच्याभोवती असे उभे राहिले, जसं सोयरिकीत न विचारलेले काका उभे राहतात. उस्तादांनी दार उघडून आत डोकावलं, खाली पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

‘मैं इसमें पाँव नहीं रखूँगा,’ ते म्हणाले. ‘रखूँ भी तो कहाँ? जगह ही नहीं दी.’

पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. सेठजींचं म्हणणं असं, की नवे ड्रायव्हर आधीच मिळत नाहीत, जे मिळतात ते क्लच प्लेट जाळतात, तर त्यांना ही गाडी द्यावी, म्हणजे आठवड्यात शिकतील. उस्तादांचं म्हणणं उलटं. नव्या माणसाने आधी गिअर शिकावा आणि मग हवा तर सोडावा. ‘क्लच में गाडी आपसे बात करती है सेठजी. ये गूँगी है. गूँगी के साथ बच्चा क्या बोलना सीखेगा?’

मला दोन्ही पटायचं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, ‘उस्ताद, आमचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. घोड्याला कुठे क्लच असतो? घोडा ऑटोमॅटिकच. चढ आला की आपला आपण हळू होतो.’

टपरीवर हशा पिकला. उस्तादांनी बशीतला चहा संपवला.

‘घोडे को मालूम रहता है बाबूजी, कि आगे खाई है. वो अपनी जान बचाता है, उसमें आपके परदादाजी भी बच गए. इसको क्या मालूम?’

सेठजींनी मात्र ठरवून टाकलं. जुना कुणी बसत नाही, तर नवी गाडी नव्या माणसाला. म्हणजे मला. उद्या खजराण्याला पूजा, आणि लिंबांवरून चाक मीच न्यायचं.

इंदूरमध्ये गाडी सायकलपेक्षा मोठी असली की ती आधी खजराण्याच्या गणपतीला जाते, हे सांगायला नकोच. पुजाऱ्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फुटला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. सेठजी ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून मोबाइलवर सगळं टिपत होते. उस्ताद प्रसादाच्या दुकानाच्या सावलीत हाताची घडी घालून. मी आत बसलो. नव्या गाडीचा वास, समोर झेंडूच्या पिवळ्या पाकळ्या, कुठेतरी घंटा. मला वाटलं, मी अजून शेडखाली डोळे मिटून बसलोय आणि हे सगळं कुणीतरी मागून सांगतंय.

खटका फिरवला. गाडी अलगद हलली. आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून, अगदी नकळत, पहिल्या गिअरचा आवाज निघाला. आवाजाने दुसरा गिअर मागितला. डाव्या पायाने आज्ञा पाळली. तो उठला आणि क्लच समजून जे काही पायाखाली आलं ते पार तळापर्यंत दाबलं.

तो ब्रेक होता.

फुस्स! ट्रक जागच्या जागी थिजला. हार काचेवरून उडून गेला. आणि आमचे सेठजी, मोबाइल हातात घट्ट धरून, फुलवालीच्या टोपलीत बसले. नीट, मांडी घातल्यासारखे. एक लिंबू अख्खंच्या अख्खं घरंगळत नारळाच्या दुकानापर्यंत गेलं. फुलवाली ओरडली, ‘अरे सेठजी, पूरा गेंदा ले लिया, अब पूरा ही तुलवा लो!’

उस्ताद सावलीतून म्हणाले, ‘भगवान को भी झटका लगा होगा.’

अंगावरचा झेंडू झटकत सेठजींनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, ‘भिया, माल भरके मानपूर का घाट उतरके बताओ. उस्ताद साथ बैठेंगे. उस्ताद हाँ बोले तो गाडी तुम्हारी. ना बोले तो वापस बिल्टी पे, और फिर ये बात मेरे सामने कभी नहीं.’

म्हणजे माझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल अशा माणसाच्या हाती गेला, ज्याला ती गाडीच मुळात मान्य नव्हती.

घरी आल्यावर बायकोला सगळं साभिनय करून दाखवलं. सेठजींची भूमिका करताना मी पलंगावर पडलोही. ती पोट धरून हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘अहो, हा तुमचा डावा पाय पुरा सासऱ्यांवर गेलाय. कुणाचं ऐकतच नाही.’

‘आता काय करू?’

‘फिकर नका करू. पूजेला बसता ना, तसा मांडीखाली दाबून ठेवायचा. आदत पडेल.’

आणि मग आमच्या स्वयंपाकघरात एक निराळंच विद्यालय सुरू झालं. ती पोळ्या लाटायची, मी समोर खुर्चीवर, डावा पाय मांडीखाली, हातात तीच परात. पाय बसला की हात उठायचा. डावा हात हवेत गिअर शोधायचा आणि लोणच्याची बरणी पकडायचा. यावर तिने काठोकाठ भरलेला गरम चहा त्या हातात दिला. ‘आता टाका गिअर,’ म्हणाली, ‘टाकाच!’

हात गप्प झाला. तव्यावर पोळी फुगत होती, वाफेत तिचा चेहरा अर्धा दिसत होता, आणि मी कुठेही न जाता नुसता चाललो होतो. खरं सांगतो, इतकं सुखाचं ड्रायव्हिंग मी अजून केलेलं नाही. गिअर नाही, क्लच नाही, नुसतं जाणं. मला वाटायला लागलं, गूँगी कसली, ही गाडी तर मौनात गेलेली आहे.

परीक्षेचा दिवस उजाडला. घाटाखाली धामनोदला सिमेंट उतरवायचं होतं. उस्ताद क्लीनरच्या जागेवर बसले, बूट काढले, पाय वर घेतले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. माझा डावा पाय मी कोपऱ्यात नीट टेकवून ठेवला. मांडी घालून ट्रक चालवायचा नसतो, एवढं मलाही कळतं.

सकाळचं कोवळं ऊन होतं. राऊ गेलं, महू गेलं. तेच रस्ते, ज्यांवरून मी डोळे मिटून इतक्या वेळा गेलो होतो. फक्त आता ते खरेच दोन्ही बाजूंनी मागे सरकत होते. गव्हाच्या शेतांवर धुक्याचा पातळ पदर होता आणि ट्रकचं नाक त्यात शिरून पुन्हा बाहेर यायचं. गाडी आपल्याशीच काहीतरी पुटपुटत गिअर बदलत होती. मी नुसता चाकाला हात लावून बसलो होतो, जसं झोपलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात. उस्ताद अजून खिडकीबाहेरच बघत होते. शेडखाली बोलण्यात न थकणारा हा माणूस खऱ्या रस्त्यावर असा गप्प बसेल, हे माझ्या हिशोबात नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी भेरूजींचं ठाणं आहे, म्हणजे भैरवाचं छोटं देऊळ. तिथे ड्रायव्हर हॉर्न देऊन जातात. मी दिला. उस्तादांनी हात जोडले. आणि उतार सुरू झाला.

पहिलं वळण छान गेलं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला होता, गाडी वजनाने उतरत होती. मग मला तिचा आवाज पातळ झालेला ऐकू आला. जाड, घट्ट आवाज होता, तो एकदम सैल झाला. गाडीने वेग पाहिला, तिला वाटलं आता निवांत आहे, आणि आपणहून वरचा गिअर टाकला. उतारावर! पाठीमागे सिमेंट. इंजिनाने धरून ठेवलेलं सगळं ओझं तिने सोडून दिलं, जसं दमलेलं माणूस हातातली पिशवी खाली ठेवतं.

आता एकटा ब्रेक. आणि ब्रेक दाबत दाबत उतरलं की ते तापतात, तापले की लागत नाहीत, हे घाटाच्या खाली पडलेले ट्रकांचे सांगाडे सांगतात.

मी ब्रेक दाबून वेग खाली आणला, आणि मग खटका ‘हाताने’वर फिरवला. तशी सोय असते त्या गाड्यांत. आपण म्हणू तोच गिअर, गाडीने मधे बोलायचं नाही. एक गिअर खाली. आवाज जाड झाला. पुरेसा नाही. आणखी एक खाली. आता इंजिन गुरगुरलं, गाडीने मागून पदर ओढल्यासारखं स्वतःला धरलं, आणि आम्ही सावकाश, अगदी वरातीच्या चालीने, घाट उतरलो. ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा. दरीत पळसाला केशरी फुलं आली होती. एक घार आमच्या खालून उडत गेली. मला तिची पाठ दिसली. घारीची पाठ दिसेल एवढ्या सावकाश मी त्याआधी आयुष्यात कुठेच गेलो नव्हतो.

खाली पोचून टपरीपाशी गाडी लावली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. उस्ताद उतरले, प्रत्येक चाकाजवळ जाऊन हात धरून पाहिला. गरम किती, ते. मग चहा मागवला. माझ्यासाठीही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा.

‘कैसे समझा?’ त्यांनी विचारलं.

‘आवाज पातळ झाला.’

‘हूँ,’ म्हणाले. आणि तेवढंच.

सिमेंट उतरवलं. परत निघायच्या वेळी मी दार उघडलं, तर उस्ताद आधीच ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले.

‘उस्ताद, तुम्ही? तुम्ही तर पाय ठेवणार नव्हता.’

‘खाली गाडी है. जरा देख लूँ, बला क्या है.’

घाटाचा चढ लागला. त्यांचा डावा पाय एकदा उठला. मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. पाय हवेत थांबला, काही न सापडून हळूच खाली आला. मग त्यांनी तो लांब केला. अगदी पूर्ण लांब. मला त्यांच्या गुडघ्याचा ‘कट्’ ऐकू आला. गेली कित्येक वर्षं हा माणूस आवारात उतरताना दाराला धरून थोडा वेळ उभा राहतो, ते मी खिडकीतून पाहत आलो होतो. मला वाटायचं, रुबाब आहे.

वळणामागून वळण गेलं. गाडी स्वतःशी पुटपुटत चढत होती. उस्तादांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं, जे मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. उन्हात बसलेल्या मांजराच्या चेहऱ्यावर असतं तसं. मानपूर येईपर्यंत ते गुणगुणायला लागले होते. आणि मला कळलं, आता काय होणार आहे.

तसंच झालं. दुसऱ्या सकाळी सेठजींनी आम्हा दोघांना बोलावलं. ‘हाँ उस्ताद? बाबूजी पास कि फेल?’

‘पास,’ उस्ताद म्हणाले. ‘घाट में कान खुले रखता है.’ मग टोपी काढली, पुन्हा घातली. ‘लेकिन सेठजी, ये नई वाली नए आदमी के लिए ठीक नहीं. नया आदमी इसमें सो जाएगा. पहले गिअर घिसे, क्लच घिसे. इसको कोई पुराना, समझदार आदमी चलाए.’

‘कौन पुराना? सब ने ना बोल दिया.’

उस्ताद छताकडे बघत म्हणाले, ‘अब क्या करें. मजबूरी में मैं ही ले लूँगा.’

मजबुरी! मी तोंड उघडलं. सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना टोपलीतला झेंडू आठवला असावा. ‘और बाबूजी?’

‘मेरी वाली ले लेंगे,’ उस्ताद म्हणाले. ‘बोलती बहुत है. इनको भी बोलने का शौक है. जमेगी.’

रागवावं, असं मनात होतं. पण हा माणूस माझ्या नव्या गाडीवर माझ्यासमोर असा दिवसाढवळ्या डल्ला मारत होता आणि वर उपकार केल्याचा चेहरा करत होता, हे इतकं उत्तम वठलं होतं, की मला हसूच फुटलं. मी हात पुढे केला. ट्रक तर मिळाला होता.

उस्तादांनी आपल्या जुन्या गाडीतून देवाचा फोटो काढला, गमछा काढला, उशी काढली. गिअरच्या दांड्याची मूठ काढून घेतील असं वाटलं, कारण ती त्यांनी स्वतः बसवलेली, शिसवीची. नाही काढली.

परवा पहिल्यांदा ती गाडी घेऊन एकटा निघालो. आवाराच्या फाटकातच बंद पडली. बायको निरोप द्यायला आली होती, तिने टाळ्या वाजवल्या. पुन्हा चालू केली. दुसरा खरखरला, तिसरा कण्हला. मी हातातली मूठ चाचपली. तिच्यावर एका बाजूला खळगा पडला आहे, उस्तादांच्या तळव्याचा. माझा तळवा त्यात बसत नाही, पुढे सरकतो. बाहेर हवेत आलूच्या मातीचा वास होता, बायपासवर कोवळं ऊन पडलं होतं, आणि राऊच्या अलीकडे कधीतरी, मी दुसराच काही विचार करत असताना, चौथा गिअर आवाज न करता आत गेला. मी शेजारी पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. म्हणून गाडीलाच सांगितलं.